वही कापायच्या आधी विचारणारे बायंडर

आधी व्यवहाराचं सांगतो. जुन्या वह्यांचे तीन कापडी खंड, एक फाटलेलं गीतपुस्तक नव्यानं शिवलेलं आणि पुठ्ठ्याची एक पेटी, एवढ्याचे ४,२०० रुपये झाले. रोख. बारा दिवसांत देतो म्हणाले होते, पाच आठवडे लागले. दुसऱ्या खंडाच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं डावीकडं थोडी उतरलीत. तरी सोलापुरात कुणाला हातानं लिहिलेलं, हरवलं तर परत न मिळणारं काही बांधून घ्यायचं असेल, तर मी याच दुकानात पाठवीन आणि काळजी करू नका म्हणीन.

दुकानाला पाटी नाही. पूर्व भागात कन्ना चौकाच्या पुढं गल्लीत शिरायचं आणि ‘वह्यावाले अण्णा’ कुठं राहतात म्हणून विचारायचं. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, मध्येच एका घराची पुढची खोली. तिच्यात लोखंडी दाब, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, दोऱ्याची रिळं आणि खळीचं पातेलं. अण्णा सत्तरीच्या पुढचे. एके काळी ते गिरण्यांसाठी, पेढ्यांसाठी खतावण्या आणि रोजमेळ बांधायचे. दिवाळीच्या आधी दोन महिने इथं लाल कापडाच्या चोपड्यांचे ढीग लागायचे. गिरण्या बंद पडल्या, हिशेब कॉम्प्युटरवर गेले. आता विद्यापीठाचे प्रबंध येतात, वकिलांची जाडजूड पुस्तकं येतात. हे सगळं मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. अण्णा स्वतः फार बोलत नाहीत.

मी काय घेऊन गेलो होतो ते सांगितल्याशिवाय त्यांच्या कामाचं मोल कळणार नाही. त्यामुळं जरा बाईंबद्दल.

बाई महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. १९६५ ला लागल्या, २००३ ला निवृत्त झाल्या. ३८ वर्षं, आणि त्यातली बरीचशी तिसरी-चौथीच्या वर्गावर. लग्न केलं नाही. पांढरी किंवा फिकट निळी सुती साडी, काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी. रविवारी सकाळी त्याच पिशवीतून त्या चर्चला जायच्या आणि उपासनेच्या आधी शब्बाथशाळेची मुलं घ्यायच्या. पेटी वाजवायच्या. नाताळाच्या आधी पुठ्ठ्याच्या चांदण्या करून घ्यायच्या. दर शुक्रवारी संध्याकाळी मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, दोन-तीन बायका बरोबर घेऊन सिव्हिल हॉस्पिटलात जायच्या. पेशंटला भेटायला असं नाही, पेशंटबरोबर आलेल्या माणसांसाठी. खेड्यातून आलेली माणसं व्हरांड्यात बसलेली असतात, त्यांच्या जेवणाचं कुणी बघत नाही, असं त्या म्हणायच्या. भाकरी आणि शेंगाची चटणी कागदात बांधून न्यायच्या. निवृत्तीनंतरही हे चालूच होतं. शेवटची दोन वर्षं गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्या घरी बसून भाकऱ्या कागदात बांधून द्यायच्या आणि दुसरं कुणीतरी घेऊन जायचं.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि एकोणिसाव्या शतकातच सोलापूरपर्यंत पोचले. बाईंचं घराणं त्या काळापासून मंडळीत. शाळेत मात्र त्यांनी आमच्यापुढं कधी धर्म काढला नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या, कारण रथाबरोबर चालणाऱ्यांत वर्गातली निम्मी पोरं असायची. त्या ख्रिस्ती आहेत हे मला कळलं तेव्हा मी सातवीत होतो. म्हणजे त्यांच्या वर्गातून बाहेर पडून तीन वर्षं झाली होती.

माझं घर तेलुगू बोलणारं. वडील मागावर, आई विड्या वळायची. १९८६ साली मी चौथीत बाईंच्या वर्गात आलो. रोल नंबर ३१. मराठी मला समजायची, पण बोलताना माझं एक नेहमी चुकायचं. मी म्हणायचो, ‘आई आलं.’ पोरं हसायची. मी बोलणंच बंद केलं होतं. बाईंनी मला चौथीच्या त्या वर्षात बोलतं केलं, एवढं मला आठवत होतं. कसं केलं ते आठवत नव्हतं.

गेल्या वर्षी, नाताळाला थोडे दिवस उरले असताना बाई गेल्या. ७९ वर्षांच्या होत्या. त्यांच्या भाचीनं घर आवरताना पत्र्याची एक ट्रंक उघडली आणि मला फोन केला. आत दैनिक टाचणाच्या वह्या. शिक्षकांना रोज काय शिकवणार ते लिहून ठेवावं लागतं, ते टाचण. ३८ वर्षांतल्या २७ वह्या उरल्या होत्या. ९६ पानी, दोनशे पानी, मध्ये पिना मारलेल्या, पिना गंजलेल्या. बरोबर त्यांचं ‘उपासना संगीत’, ज्यातून मराठी मंडळ्या रविवारी गातात ते गीतपुस्तक, सेलोटेपच्या पिवळ्या पट्ट्यांनी कसंबसं धरून ठेवलेलं.

वर्षश्राद्धासारखं त्यांच्यात काही नसतं, पण मंडळीनं स्मरणाची उपासना ठेवायचं ठरवलं. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की वह्या नीट बांधून त्या दिवशी मंडळीच्या कपाटात ठेवायच्या, कुणालाही बघता येतील अशा.

आता माझी चूक. मी आधी एका दुसऱ्या दुकानात गेलो. झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग, सगळं तासाभरात. नमुना म्हणून एकच वही दिली, १९७८-७९ ची. तासाभरानं चकचकीत काळं पुस्तक हातात आलं. कडा अगदी सरळ, पानं एकसारखी. मी खूश होऊन घरी आलो. रात्री उघडलं आणि कळलं काय झालंय.

बाई टाचण उजव्या पानावर लिहायच्या. डावं पान मोकळं ठेवायच्या आणि तिथं, समासाच्या रेघेबाहेर, अगदी कडेला, पेन्सिलीनं मुलांच्या नोंदी करायच्या. नाव नाही, फक्त रोल नंबर. मग एक छोटी रेघ आणि दोन-चार शब्द. मशीननं तीन सूत कड कापली होती. कडेबरोबर नंबर गेले. उरलं ते असं: ‘— आज डबा नाही. माझ्यातला दिला.’ ‘— डोळे तपासायला हवेत, फळा दिसत नाही.’ ‘— मारू नये. घरी खूप मार खातो.’ कोण, ते गेलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात जाऊन कचऱ्याचं पोतं मागितलं. ते रात्रीच गेलं होतं. त्या दुकानातल्या मुलाचा दोष मी काढत नाही. तो रोज चारशे पानांचे प्रोजेक्ट कापतो, त्याला कुणी समासात काही महत्त्वाचं लिहितं हे माहीत असायचं कारण नाही. मी सांगायला हवं होतं. पण मलाच माहीत नव्हतं, मी वही वाचली नव्हती.

अण्णांकडं मी उरलेल्या २६ वह्या आणि ही कापलेली एक घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी पहिली वही हातात घेतली, उघडली नाही. आधी विचारलं, ‘‘कडेला काय लिवलंय का?’’

हा एक प्रश्न ऐकून मला खाली बसावंसं वाटलं. मी कापलेली वही दाखवली. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, ‘‘आमी कापत नाही. कड वाकडी दिसल. चालतंय का?’’

चालतंय म्हणालो.

मग त्यांनी कापसाचा बोळा ओला केला आणि एका पानाच्या कोपऱ्यातल्या तारखेला हळूच लावला. बोळा निळा झाला. १९९० च्या आसपासपर्यंत बाई शाईच्या पेननं लिहायच्या. पाणी लागलं की शाई पसरणार, आणि खळ म्हणजे पाणीच. म्हणून शाईच्या वह्यांना त्यांनी खळ अगदी घट्ट शिजवली, घडीवर बारीक पट्टीपुरती लावली आणि प्रत्येक घडीत टीपकागद घालून वाळवली. एका वेळी एक वही. पाच आठवडे त्यातच गेले, हे मला नंतर समजलं. तोवर मी दोनदा फोन करून चिडलो होतो. त्याचं मला वाईट वाटतं. खळीत ते मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. दुकानात शिरल्यावर जो आंबूस वास येतो तो या खळीचाच.

पिना त्यांनी बोथट सुरीनं एकेक उचलून काढल्या. कुठल्याही वहीला हिसका दिला नाही. गंजानं घडीला भोकं पडली होती, तिथं आतून पांढऱ्या पातळ कागदाची पट्टी. मग जुजबंदी. म्हणजे आठ-दहा पानांची घडी, तिच्या मध्यातून दोरा, तिथून पुढच्या घडीत, सगळ्या घड्या फितीवर बांधत जायच्या. याचा फायदा असा की पुस्तक पूर्ण उघडतं, मधल्या घडीपर्यंत वाचता येतं. त्या दुसऱ्या दुकानात बाजूनं भोकं पाडून तार मारली होती, त्यात उजव्या पानांचा आतला समास गिळला गेला होता. तुम्ही कुठंही बांधायला द्या, एवढं मात्र विचारा: घडीतून शिवणार की बाजूनं?

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच होती. पिना काढल्या की वही सुटी होते, पानं मागंपुढं व्हायची भीती असते. अण्णा शिवायच्या आधी गिऱ्हाइकाला समोर बसवतात आणि पानं क्रमानं लावून घेतात. मी म्हटलं, तुम्हीच लावा की. ते म्हणाले, ‘‘मला मराठी वाचता येतंय. पण मी वाचत नाही. वाचलं की हात थांबतंय.’’

त्यामुळं मी तीन संध्याकाळी त्या खोलीत चटईवर बसून बाईंची ३८ वर्षं हातांनी लावली. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस आहे मी, कागद लावणं हे माझं रोजचं काम. तिथं माझा हात चालेना.

पहिल्या वहीत अक्षर टोकदार, घाई असलेलं. बाई तेव्हा वीस वर्षांच्या. प्रत्येक तासाला उद्देश, साहित्य, प्रस्तावना, सगळं साग्रसंगीत. हळूहळू टाचण आटोपशीर होत जातं आणि डावं पान भरत जातं. १९७२ च्या दुष्काळात जवळजवळ रोज कुणाचा तरी नंबर आणि पुढं ‘भूक’. फक्त एवढाच शब्द. १९८० नंतर एक नवी खूण दिसायला लागते, नंबराभोवती छोटा गोल. बराच वेळ मला कळलं नाही. मग लक्षात आलं की गोल केलेल्या मुलांच्या घरी त्या जाऊन आल्या आहेत, कारण पुढं आईचं काम लिहिलेलं असायचं. विडी. विडी. मिल, बंद. धुणीभांडी. विडी.

१९९३ ची वही. ३० सप्टेंबरच्या पानावर टाचण नाही. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप सोलापुरालाही हलवून गेला आणि आम्ही सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यात उभे होतो. त्या पानापासून पुढं चार दिवस फक्त यादी आहे. ‘चादरी ४१. टॉवेल ६०. मेणबत्त्या. काडेपेट्या. गोडेतेल.’ आणि डाव्या पानावर रोल नंबर, कुणाच्या घरून काय आलं ते. चौथीतल्या पोरांच्या घरून. ज्यांच्या घरी माग होता त्यांनी मागावरची चादर दिली होती. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांचेही नंबर आहेत, पुढं ‘गठ्ठे बांधले’. चारही दिवस मिळून एकही नंबर सुटलेला नाही. बाई मंडळीच्या लोकांबरोबर ट्रकमध्ये बसून उमरग्याकडं गेल्या होत्या हे मला ठाऊक होतं. ही यादी ठाऊक नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी १९८६ ची वही आली. मी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. ८ जुलै. उजव्या पानावर परिसर अभ्यास, आपला जिल्हा, भीमा नदी. डाव्या पानावर, कडेला:

‘३१ — ‘आई आलं’ म्हणतो. चूक नाही. घरच्या भाषेतून आलंय. आपण तेलुगू शिकायला हवं.’

तेलुगूत आई आली तरी ‘वच्चिंदी’ आणि कुत्रं आलं तरी ‘वच्चिंदी’. भाऊ आला तर ‘वच्चाडु’. एकवचनात स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग वेगळं नसतं. मी माझ्या भाषेचा नियम मराठीला लावत होतो, एवढंच. नऊ वर्षांच्या मला हे सांगता येत नव्हतं. माझ्या आईला सांगता येत नव्हतं. आणि ज्यांना तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं अशा बाईंनी कसं कोण जाणे ते ओळखलं, आणि लिहिताना काम माझ्यावर नाही टाकलं, स्वतःवर घेतलं.

मग मला सगळं आठवलं. त्या पावसाळ्यात बाई संध्याकाळी आमच्या घरी यायला लागल्या होत्या. आई आणि शेजारच्या बायका सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या, आम्ही पोरं दोरा बांधून द्यायचो. बाई खाली बसायच्या, पान हातात घ्यायच्या आणि विचारायच्या, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. आई त्यांना ‘पंतुलम्मा’ म्हणायची. पंतुलम्मा आमच्याकडं शिकायला येते, या गोष्टीचा आईला केवढा अभिमान होता! शाळेत कधी न गेलेली बाई, आणि तिच्याकडं शिकायला शिक्षिका येते. त्याच वहीच्या शेवटच्या चार पानांवर तेलुगू मुळाक्षरं गिरवलेली आहेत. अण्णा मराठी वाचत नाहीत म्हणाले होते, पण ही पानं समोर आली तेव्हा त्यांचा हात खरंच थांबला. तेलुगू शाळेत शिकलेला माणूस. एका अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हे उलटं काढलंय.’’ मग बराच वेळानं, ‘‘बाकी वळण चांगलं आहे.’’

गीतपुस्तकाचं काम वेगळं होतं. सेलोटेप ओढून काढला असता तर छपाई त्याच्याबरोबर आली असती. त्यांनी वर कागद ठेवून इस्त्रीची जरा ऊब दिली, चिकटा सैल झाल्यावर पट्टी उचलली. डाग राहिलेत, ते जाणार नाहीत असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पानापानात बाईंनी काय काय ठेवलेलं: पिंपळाचं जाळीदार पान, एसटीची तिकिटं, मुलांनी दिलेल्या चिठ्ठ्या, कुणाच्या तरी पहिलीच्या प्रगतिपत्रकाचा तुकडा. ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीवरची गीतं जिथं आहेत तिथली पानं बोटांनी मऊ पडलेली. मला वाटलं चिठ्ठ्या बाजूला काढून देतील. त्यांनी प्रत्येकीच्या मागं पेन्सिलीनं पान क्रमांक लिहिला आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत कापडाचा एक खिसा शिवून त्यात सगळं ठेवलं. मी सांगितलं नव्हतं. त्याचे पैसेही वेगळे लावले नाहीत.

एका गोष्टीवर आमचा थोडा वाद झाला. माझी फार इच्छा होती की खंडांना सोलापुरी चादरीचं कापड लावावं, मोराच्या नक्षीचं. अण्णा नाही म्हणाले. चादर जाड, पाठीच्या बाजूच्या खाचेत बसत नाही, दहा वेळा उघडलं की उसवते. रेक्झिनलाही नाही म्हणाले, पंधरा वर्षांत पापुद्रे निघतात. साधं जाड सुती कापड, गडद निळं, हेच टिकेल. मी हट्ट सोडला. आता खंड हातात घेतल्यावर वाटतं, बरं झालं सोडला. बाईंच्या साडीचाच निळा आहे, फक्त गडद.

राहिली कापलेली वही. तिचं काय करायचं हा प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता. अण्णांनी ती तार काढून सुटी केली, पण शिवली नाही. म्हणाले, पुन्हा शिवायला आत समास उरलेला नाही, अजून खाल्ला जाईल. त्याऐवजी पेटी केली. पुठ्ठ्याची, वरून तेच निळं कापड, आणि आतून, मी दिलेला चादरीचा तुकडा. मोर आत आला. वही त्यावर सैल घड्यांमध्ये ठेवलेली, झाकणाला सुती दोरा. त्यांना खोटं बोलून दुरुस्ती करता आली असती, कडेला नवा कागद जोडून वही अखंड दाखवता आली असती. त्यांनी ते केलं नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सोमवारी बंद. सकाळी दहाच्या आत गेलात तर अण्णा भेटतात, दुपारी सून असते, ती काम घेते पण भाव सांगत नाही. फोन क्वचित उचलला जातो. ऑनलाइन पैसे नाहीत. तारीख सांगतील तिला तीनानं गुणा, आणि लग्नपत्रिका, प्रोजेक्ट असं घाईचं काही नेऊ नका, ते घेतही नाहीत. पावसाळ्यात खळ वाळत नाही म्हणून शाईचं हस्तलिखित घेत नाहीत. वह्यांच्या पिना घरी काढू नका. सोनेरी अक्षरांचं काम ते बाहेरून करून आणतात, तिथं लक्ष द्या. आमची ओळ उतरली ती तिथंच, आणि अण्णांनी त्याचे शंभर रुपये आपणहून कमी केले.

स्मरणाच्या उपासनेला चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी स्तोत्र २३ वाचलं, शब्बाथशाळेतल्या मुलांनी ते तोंडपाठ बरोबर म्हटलं, जसं बाई म्हणून घ्यायच्या. मी आईला कुंभारीहून घेऊन आलो होतो. २००६ साली गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या वसाहतीत विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली, त्यातलं एक तिचं. मागच्या टेबलावर तीन खंड, गीतपुस्तक आणि पेटी. लोक रांगेनं येत होते, आपापलं वर्ष काढत होते, नंबर शोधत होते. आईला वाचता येत नाही. मी तिला १९८६ चं पान उघडून दिलं आणि काय लिहिलंय ते तेलुगूत सांगितलं. तिनं शेवटची चार पानं उलटून मुळाक्षरांवर हात ठेवला आणि म्हणाली, हे मी नाही शिकवलं, मी फक्त बोलायला शिकवलं, हे तिचं तिनं केलं.

पेटीपाशी १९७८-७९ च्या वर्गातली माणसं जमली होती. सगळी पंचावन्नच्या पुढची. कुणीतरी वाचलं, ‘— आज डबा नाही. माझ्यातला दिला.’ चष्मा लावलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘ही मी.’’ त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘‘नाही हो, मी. आमच्याकडं तेव्हा वडील अंथरुणाला होते.’’ मागून आणखी एक जण पुढं आला आणि काही न बोलता त्या ओळीकडं बघत उभा राहिला. मी नंबर कापला गेल्याबद्दल माफी मागायची म्हणून तिथं गेलो होतो. कुणी नंबर विचारला नाही.

मंगळवारी मी अण्णांना हे सांगायला गेलो. ते एका प्रबंधाला अस्तर लावत होते. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. मग विचारलं, ‘‘एवढ्या लोकांनी हाताळलं, मग पेटीत वही परत कुणी ठेवली? घड्या खालीवर नाही ना झाल्या?’’

मी म्हटलं, मीच ठेवली.

‘‘दोरा घट्ट बांधू नका,’’ ते म्हणाले, ‘‘कागदाला दाब नको,’’ आणि पुन्हा खळीत ब्रश बुडवला.